‘रक्त कमी आहे’ इथे थांबू नका: बायकांच्या रक्तक्षयाचा छडा कसा लावायचा

माझं हिमोग्लोबिन पहिल्यांदा ८.४ आलं तेव्हा मी ३८ वर्षांची होते. दवाखान्यात सांगितलं, रक्त कमी आहे, बीट खा, हे टॉनिक घ्या. दोन वर्षं मी इमानेइतबारे बीट खाल्लं. आकडा नऊच्या वर गेला नाही. दर महिन्याला पाळीत जितकं रक्त जात होतं, तितकं बीटनं भरून येणं शक्यच नव्हतं. गर्भाशयात गाठ होती. सोनोग्राफीत ती पाच मिनिटांत दिसली, पण ती सोनोग्राफी करायला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तेव्हापासून ओळखीतली कुणीही ‘माझं रक्त कमी आहे गं’ म्हणाली की मी आधी विचारते, ते जातंय कुठे?

हा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं, आणि त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होतं, म्हणजे वाढलं. निम्म्याहून जास्त बायकांना आहे म्हणून तो ‘बायकांना असतोच’ असा होत नाही. पुरुषांमध्ये हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे.

आधी शरीर काय सांगतंय ते बघा

तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन प्राणवायू अंगभर पोहोचवतं. ते कमी पडलं की हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. म्हणून जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, संध्याकाळी पोटऱ्या वळतात, केस गळतात, कशातच लक्ष लागत नाही. हे सगळं इतकं हळू येतं की शरीर त्याची सवय करून घेतं. सात-आठ हिमोग्लोबिनवर खुरपणीला जाणाऱ्या आणि सकाळची लोकल पकडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आपण आजारी आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण आळशी झालोय.

एक खूण बायका लपवतात. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं. पदरात पेन्सिलीचा तुकडा बांधून ठेवणारी आणि कुणी बघितलं की लाजणारी बाई प्रत्येक गावात असते. ही वाईट सवय नव्हे आणि वेडही नव्हे, लोह कमी पडल्याची ही जुनी, ओळखीची खूण आहे. लोह भरून आलं की बहुतेक वेळा ही ओढ आपोआप जाते. डॉक्टरांना हे न लाजता सांगा, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा धागा असतो.

तोंडाच्या कडा फाटणं, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, नखं चमच्यासारखी खोलगट होणं याही खुणा आहेत. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचा संशय घ्यायचा. खालची पापणी ओढून रंग बघण्याची पद्धत चांगली आहे, पण पापणी गुलाबी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तक्षय सौम्य असेल तर डोळ्याला कळत नाही.

पाळीचा हिशेब मांडा

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं. एक मिलिलीटर रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्राम लोह असतं, म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्राम लोह गेलं. हे जेवणातून भरून येऊ शकतं. पण ८० मिलिलीटरच्या वर रक्त जात असेल तर महिन्याला ४० मिलिग्रामच्या वर लोह जातं, आणि तिथे नुसता आहार पुरा पडत नाही.

मिलिलीटर कुणी मोजत नाही. तुम्ही हे बघा: दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? एका वेळी दोन लावता का? रात्री त्यासाठी उठता का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांच्या पुढे चालतं का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल तर अंगावरून जास्त जातंय. तीन महिने कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले ते लिहा. तो कागद घेऊन गेलात तर डॉक्टरांशी बोलणं फार वेगळं होतं, हा माझा अनुभव आहे.

‘आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. आई, मावशी, बहीण सगळ्यांनाच असं होत असेल तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो. म्हणून हे वाक्य डॉक्टरांसमोर तर मुद्दाम म्हणा. बाकी कारणं म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, पाळी जायच्या आधीच्या वर्षांतला हार्मोनचा गोंधळ, आणि तांबी. तांबी बसवल्यावर पाळी वाढली असेल तर ते सांगा. हार्मोनची तांबी वेगळी असते आणि ती उलट रक्तस्राव कमी करते. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, त्यातल्या कित्येक जणी तरुण होत्या. पाळीत खाडा झाला की मजुरी कापली जाते, फडावर संडास नाही, पाणी नाही, आणि पांढरं जातंय किंवा लाल जातंय म्हणून गेलं की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. अंगावरून जास्त जाणं याला गर्भाशय काढणं हे पहिलं उत्तर कधीच नसतं. सोनोग्राफी, थायरॉइडची तपासणी, गोळ्या, हार्मोनची तांबी हे सगळं करून झाल्यावर, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्यावर तो विषय येतो. कुणी पहिल्याच भेटीत तारीख दिली तर घरी परत या.

तपासणी करा आणि रिपोर्ट स्वतः वाचा

नुसतं हिमोग्लोबिन करू नका, सीबीसी (सगळ्या रक्तपेशींची तपासणी) करा. त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही. सरकारी दवाखान्यात ती होते, खासगी लॅबमध्येही फार महाग नाही.

गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. गरोदरपणात हद्द ११ ची आहे, आणि ७ च्या खाली गेलं तर तीव्र. ‘दहा आहे ना, मग बरं आहे’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दहा म्हणजे बरं नव्हे.

त्याच कागदावर खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं. खरी माहिती तिथे आहे, आणि बहुतेक जणी तिथपर्यंत जातच नाहीत. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० हा नेहमीचा पट्टा. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, बहुधा लोह कमी. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, बी-१२ किंवा फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिड, तेही जीवनसत्त्वच) कमी असण्याचा संशय. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलं तर आकार मधलाच दिसतो आणि फसवतो. शाकाहारी घरांत हे वारंवार होतं.

मोठ्या पेशींची एक गोष्ट आपल्या परळमधली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर कामगार बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत होता, पेशी मोठ्या आणि रक्त पाण्यासारखं. लोह देऊन तो बरा होईना. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते बघितलं, आहार बदलून बघितले, आणि यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटनं तो बरा होतो हे दाखवलं. १९३१ मध्ये तिचा निबंध छापून आला. त्या पदार्थात नेमकं काय होतं ते दहा वर्षांनी कळलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं आणि पानावरून त्याला फोलिक ॲसिड नाव पडलं. आज अंगणवाडीत मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर जे फोलिक ॲसिड असतं, त्याची मुळं गिरणगावातल्या त्या बायकांपर्यंत जातात.

पुढची तपासणी फेरिटिन. शरीराच्या कोठारात किती लोह शिल्लक आहे ते ती सांगते. फेरिटिन १५ च्या खाली असलं तर कोठार रिकामं आहे. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. हिमोग्लोबिन १२.२ असूनही थकवा, केसगळती असेल तर फेरिटिन करून घ्या, कारण आधी कोठार रिकामं होतं आणि मग हिमोग्लोबिन घसरतं. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.

लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही एमसीव्ही खालीच राहत असेल तर एचपीएलसी नावाची तपासणी विचारा. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, त्यात कळतो. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत तो जास्त आढळतो, पण इतरांतही असतो. तो आजार नाही, पण लग्न आणि गरोदरपण ठरवताना जोडीदाराची तपासणी व्हायलाच हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेलची (हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) तपासणी पहिल्या फेरीतच करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. सिकलसेल असताना लोह कमी आहे की नाही हे न तपासता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेणं बरं नाही, ते लोह अंगात साठत जातं.

गळती पाळीतूनच असेल असं नाही

मूळव्याधीतून वर्षानुवर्षं थेंब थेंब जाणारं रक्त, आणि अनवाणी शेतात वावरल्यानं होणारा आकडेकृमी (आतड्यात रक्त शोषणारा जंत), ही दोन कारणं मागे पडतात. मूळव्याधीबद्दल बायका बोलत नाहीत. बोला. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्राम, मुलांना आणि मुलींना वर्षातून दोनदा देतात. मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आम्लपित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेत असाल तर लोह कमी शोषलं जातं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ घटतं. हे डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

पाळी बंद झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन घसरलं तर त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. तिचं रक्त पाळीतून जात नाही, मग ते पोटातून किंवा आतड्यातून जातंय का हे बघावंच लागतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

ताटात काय बदलायचं

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज मी दोन वर्षं जगले. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रामही लोह नसतं, डाळिंबात तर त्याहून कमी. पालकात तीनेक मिलिग्राम असतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते शोषू देत नाही. पालक फोलेटसाठी खा. गुळाचा दहा ग्रॅमचा खडा अर्धा मिलिग्राम लोह देतो. बाईची रोजची गरज आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २९ मिलिग्राम धरली आहे, पुरुषाची १९. आणि जेवायला शेवटी कोण बसतं, ते आपल्याला माहीत आहे.

आपल्या ताटात लोह आहेच, पण दुसरीकडे. १०० ग्रॅम बाजरीत सहाच्या आसपास, मसुरात सात, मटकीत आठच्या जवळपास, अळिवात १७ मिलिग्राम. राजगिरा, तीळ, नाचणी चांगले. बाजरीचा ‘धनशक्ती’ नावाचा जास्त लोहाचा वाण इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मिळून काढला आणि तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. शेती घरची असेल तर खाण्यापुरता तरी लावा. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते शहाणपणाचंच आहे, फक्त ते तिच्यापर्यंत तीन-चार महिने पोहोचू द्या. मांसाहार करत असाल तर मटण, कलेजी, सुकट, तिसऱ्या यांतलं लोह धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. गरोदरपणात कलेजी मात्र टाळा, तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं.

धान्य-डाळीतलं लोह अंगी लागावं म्हणून दोन गोष्टी करा. मोड आणा किंवा आंबवा: मोडाची मटकी, नाचणीची आंबील. आणि त्याच घासाबरोबर आंबट घ्या: उसळीवर लिंबू, जेवणात कच्ची कोशिंबीर, आवळा, पेरू. आंबट आमटी, चिंचेची भाजी लोखंडी कढईत केली तर कढईतलं थोडं लोह जेवणात उतरतं. शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा.

आणि चहा. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला एक कप चहा त्या जेवणातलं लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, तो दिवसभरातला आपला एकटीचा वेळ असतो. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास सोडा, एवढंच.

बी-१२ वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. पातळी २०० च्या खाली असेल तर खाण्यानं भरून यायला फार वेळ लागतो, गोळ्या किंवा इंजेक्शन लागतात. बी-१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

गोळी कशी घ्यायची

हिमोग्लोबिन दहाच्या आत असेल तर आहारावर वाट बघू नका. पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती मिलिग्राम ते वाचा. प्रत्यक्ष लोह तेवढंच. महागडं टॉनिक आणि सरकारी लाल गोळी शेजारी ठेवून बघा. लाल गोळीत ६० मिलिग्राम लोह आणि ५०० मायक्रोग्राम फोलिक ॲसिड असतं, आणि ती फुकट मिळते.

दिवसातून एकदाच घ्या. एक डोस गेला की शरीर पुढे जवळपास दिवसभर लोह कमी आत घेतं, त्यामुळे तीन वेळा घेऊन तिप्पट लाभ होत नाही, फक्त पोट बिघडतं. हल्ली बरेच डॉक्टर एक दिवसाआडही देतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तास.

शौचाला काळं होणं ठरलेलं आहे, घाबरू नका. मळमळ, बद्धकोष्ठ झालं तर रात्री थोडं खाऊन घ्या, पाणी वाढवा, तरी सोसवलं नाही तर डॉक्टरांकडून लोहाचा प्रकार बदलून घ्या. बहुतेक बायका गोळी सोडतात ती इथेच, आणि पुन्हा सांगायला जात नाहीत. गोळ्यांची डबी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चार-पाच गोळ्याही लहान मुलाला घातक ठरू शकतात.

महिन्यानं पुन्हा सीबीसी. एक ते दोन ग्रॅम वाढ दिसायला हवी. दिसली नाही तर गोळी नीट घेतली जात नाही, रक्त अजून जातंय, किंवा निदान चुकलंय. तिन्ही शक्यता मोकळेपणानं बोला. हिमोग्लोबिन १२ झालं तरी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या असतात, कोठार भरायचं असतं. मीही पहिल्यांदा १२ ला थांबले होते आणि सहा महिन्यांत पुन्हा दहावर आले.

गोळी सोसतच नसेल, आतड्यातून शोषली जात नसेल किंवा वेळ कमी असेल तर दवाखान्यात शिरेतून लोह देता येतं. रक्त चढवणं हे अगदी खाली गेलेल्यांसाठी.

दिवस गेले असतील तर

एका गरोदरपणाला सुमारे एक हजार मिलिग्राम जादा लोह लागतं. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आशाताईंना विचारा. मध्यावर हिमोग्लोबिन थोडं उतरतं कारण रक्तातलं पाणी वाढतं, पण ‘पोटात बाळ आहे म्हणून’ असं म्हणून ९ सोडून देऊ नका. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तर ११ वाली सावरते, ७ वालीला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून ७ च्या खाली असेल तर बाळंतपण जिथे रक्त मिळतं अशाच मोठ्या रुग्णालयात करायचं ठरवा, आणि हे ठरवणं आठव्या महिन्याच्या आत उरका.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दर तासाला पॅड भिजणं, लोहाची गोळी चालू नसताना शौचाला डांबरासारखं काळं होणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असेल तरी.

जाताना सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत घेऊन जा, सगळ्यात जुना वर. दोन वर्षांपूर्वीचा एमसीव्ही आणि पॅडचं ते कॅलेंडर समोर ठेवा, आणि विचारा: हे कमी का झालं?